विमानाचा कॅमेरा आणि शेवंतीकाकीची म्हैस

विमानाचा कॅमेरा मांडीवर घेऊन मी पुण्याहून मालवणाजवळच्या मसुऱ्याला जीपने गेलो. विमान पुण्यातच होतं. ते माझा मित्र आनंद याचं; विमान चार जणांचं, पण त्याबद्दलचा अभिमान चारशे जणांना पुरेल एवढा. हा कॅमेरा वस्तूची ऊब टिपतो. जे गरम ते पडद्यावर पांढरं, गार ते काळं. लहान धावपट्ट्यांवर काळोख पडला की गुरं येऊन बसतात, ती उतरण्याआधी वैमानिकाला दिसावीत म्हणून ही खटपट. विमानाच्या नाकात बसवण्यापूर्वी आनंदला त्याची परीक्षा घ्यायची होती, आणि त्यासाठी त्याने आपल्या आत्याच्या गावचा सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) निवडला होता.

वाटेत कसालला आनंद आणि मी चहाला थांबलो. हॉटेलवाल्याने माझ्याकडची पेटी न्याहाळली.

"लग्नाचा शूटिंग खंय आसा?"

आनंदने त्याला विमानापासून सगळं समजावलं. तो शांतपणे म्हणाला, "म्हंजे लग्नाचा नाय." पुढचा सगळा रस्ता आनंद घुश्शात होता.

आत्याकडे घावणे आणि ओल्या काजूची उसळ असा बेत होता. पाचवा घावणा मी हातात घेतला आणि शेजारच्या शेवंतीकाकी अंगणात आल्या. डोळे रडून लाल झालेले.

"माजी म्हस दुपारी तळयेत लोळत होती, मगे खंय गेली ता कळाक नाय. गाभण आसा गो! सड्यार कोले फिरतत. रातीची थयच व्याली तर रेडकाक (म्हशीच्या पिल्लाला) ठेवचे नाय."

आनंद ताडकन उठला. "काकी, काळजी सोडा. म्हैस दहा मिनिटांत दाखवतो." मला ते दहा मिनिटांचं आश्वासन मुळीच आवडलं नाही.

तिन्हीसांजेला अर्धी वाडी जीपमागून सड्यावर आली. आनंद बटण दाबणार, इतक्यात काकींच्या दिरांनी, तात्यांनी, त्याचा हात धरला. गाऱ्हाणं, म्हणजे देवाला सगळ्यांनी मिळून साकडं, घातल्याशिवाय इथे काही सुरू होत नाही. ते हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! ह्या पोरांनी यंत्र हाडल्यानी हा (आणलंय), तेका डोळे दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात म्हणाले.

"शेवंतीची म्हस पोटातल्या जिवासयत घराक हाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात मीही होतो, आणि मनापासून होतो.

पडदा उजळला तो जवळजवळ पांढराफेक. वैशाखातल्या उन्हात दिवसभर भाजलेला तो दगड अजून तव्यासारखा तापलेला होता. आनंद जास्त पांढऱ्या ठिपक्याकडे बोट दाखवी आणि माणसं तिकडे धावत. एकदा दगड निघाला, एकदा कुत्रा, आणि एकदा आडोशाला बसलेला एक सद्गृहस्थ, जो फार संतापला. काकी मात्र हसल्या नाहीत. उजेड संपत चालला होता.

पडद्याच्या कोपऱ्यात एक काळा डाग दिसत होता. मी विचारलं तर आनंद म्हणाला, "डबकं आहे ते. सोड."

मी पाहत राहिलो.

"आनंद, तुझं डबकं शेपूट हलवतंय."

ती म्हैसच होती! अंगभर ओला चिखल, त्यामुळे तापल्या दगडापेक्षा गार. तिच्या पायांशी लख्ख पांढरा गोळा वळवळत होता. आणि थोड्या अंतरावरून आणखी दोन पांढरे ठिपके हळूहळू तिकडे सरकत होते.

"कोले! धावा रे!" काकी ओरडल्या आणि सगळ्यांच्या आधी त्याच पळाल्या. मी, आनंद, तात्या, सगळी वाडी आरडाओरडा करत मागे. कोल्हे केव्हाच पसार झाले. आम्ही पोचलो तेव्हा काकी खाली बसून ओल्या रेडकाला पदराने पुसत होत्या. "जित्ता आसा रे, जित्ता आसा!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंद पाठ वळवून उभा होता, म्हणजे त्याच्याही.

सकाळी निघताना काकींनी डबाभर खरवस दिला आणि यंत्राला हळदकुंकू लावलं. आनंदने भिंगावर लावू दिलं नाही, एवढंच.

परतीच्या वाटेवर घाट लागला. गावात आनंदचा इतका जयजयकार झाला होता, तरी तो जीप अगदी हळू चालवत होता. शेवटी म्हणाला, "मी विमानात असतो, तर डबकं समजून तिच्यावरच उतरलो असतो."

मी खरवस खायचा थांबलो. त्याच्या विमानात मागच्या सीटवर नेहमी मीच बसतो.