बाजाराच्या दुसऱ्या दिवशी

१९५८ साली, दसऱ्याच्या आधीच्या एका बुधवारी, परभणीच्या सरकारी दवाखान्यात परिचारिकेच्या शिक्षणासाठी मुलाखती झाल्या. एका उमेदवार बाईला आमदारांच्या कचेरीतून शनिवारी यायचा निरोप गेला होता. चूक सोमवारी दुपारी लक्षात आली.

मी तेव्हा एका मराठी दैनिकाचा परभणीचा वार्ताहर होतो. दुपारी त्या कचेरीत जाऊन बसायचा माझा परिपाठ होता, कारण जिल्ह्यातल्या खेड्यांच्या बातम्या तहसिलीच्या आधी तिथे पोचत.

कचेरी म्हणजे आमदारांच्या घराची रस्त्याकडची खोली आणि तिच्यापुढचा ओटा. कामाला तिघे होते. मुन्शीजी पन्नाशी ओलांडलेले. निजामाच्या अमलात ते तहसिलीत नकलनवीस होते. उर्दू आणि मराठी दोन्ही एकाच वळणाने लिहीत. इंग्रजी येत नसे. टंकलेखक सेलूचा, पंचविशीतला, मॅट्रिक झालेला. मुंबईहून येणारे इंग्रजी कागद तो वाचून दाखवी. तिसरा शिपाई, झरीच्या शेतकऱ्याघरचा. त्याच्याकडे बिल्ला नव्हता, पट्टा नव्हता. खाकी टोपी मात्र तो स्वतःच्या हौसेने घाली.

विधानसभा हैद्राबादेत होती तोवर आमदारांची ये-जा असे. राज्य मुंबईला जोडल्यावर ते एकदा गेले की लवकर परतत नसत. कचेरी त्यांच्यावाचून चाले. आलेल्या माणसाला मुन्शीजी आधी गाव विचारत, मग नाव, मग काम. तो कोणाच्या मतदारसंघातला हे विचारायचं नाही, असा तिघांचा रिवाज होता. लांबून आलेल्याला शिपाई आडावर नेऊन हातपाय धुवायला पाणी काढून देई, आणि तेवढ्यात त्याचं खरं काम काय हे काढून घेई. मुन्शीजींपुढे लोक संकोचत. आडावर संकोचत नसत.

एका गावच्या शाळेला आमदारांच्या प्रयत्नाने मास्तर मिळाला, ही बातमी मी तीन ओळींत दिली होती. आधीचे दोन मास्तर चिखल पाहून वाटेतूनच परत गेले होते. हा तिसरा शिपायाने स्टेशनातच गाठला, त्याची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि त्याला शाळेच्या दारात नेऊन उभा केला. ट्रंक शिपायाच्या डोक्यावर असल्यामुळे मास्तराला परतता आलं नाही. हे बातमीत नव्हतं.

उमेदवार बाई राणीसावरगावच्या पलीकडल्या एका लहान गावची. नवरा वारलेला, पदरात एक मुलगी. सातवी पास होती. सासूबरोबर राहून दोघी थोडी जमीन कसत. उन्हाळ्यात ती सासऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या नातेवाइकाला घेऊन कचेरीत आली आणि टंकलेखकाने तिचा अर्ज केला. वयाची अट होती. त्या वर्षी ती अटीत बसत होती, पुढच्या वर्षी बसणार नव्हती. तिच्या गावी टपाल कधी पोचेल याचा नेम नसल्यामुळे अर्जावर पत्ता कचेरीचा दिला होता. मुलाखतीचं पत्र त्यामुळे कचेरीत आलं.

खेड्यात निरोप धाडायची मुन्शीजींची एक रीत होती. तारीख सांगायची नाही. नुसता वारही सांगायचा नाही, कारण मध्ये दोन-तीन माणसांच्या तोंडून जाताना सोमवारचा बुधवार होतो. दिवस गावच्या बाजाराला बांधून सांगायचा. बाजार कोणी विसरत नाही. त्या बाईच्या गावाजवळचा बाजार मंगळवारी भरे. मुन्शीजींनी तिकडे निघालेल्या एका गाडीवानाकडे निरोप दिला: बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीच्या दवाखान्यात हजर राहावं. गाडीवानाने तो जसाच्या तसा पोचवला.

सोमवारी दुपारी त्याच भागातला एक कासार तक्रार घेऊन आला. मी ओट्यावर होतो.

"साहेब, आमचा बाजार पयल्यासारखा करून द्या," तो म्हणाला. "मंगळवारचा बाजार पंचायतीनं शुक्रवारी नेला. शुक्रवारी माझा पलीकडच्या गावाला बाजार असतो. एका दिवशी दोन गावच्या बाया हात पुढं करून बसल्यात, मी बांगड्या कुठं भरू?"

मुन्शीजी त्याचं म्हणणं लिहून घेत होते. त्यांनी लिहिणं थांबवलं.

"कधी नेला बाजार?"

"पोळा झाल्यापासून."

मुन्शीजींनी दौतीला झाकण लावलं आणि टंकलेखकाला दवाखान्याचं पत्र पुन्हा वाचायला सांगितलं. पत्रात बुधवार होता. निरोप पोळ्यानंतर गेला होता. ती बाई शुक्रवारचा बाजार धरून शनिवारी येणार होती.

"चूक माझी," मुन्शीजी म्हणाले.

"तार करू," टंकलेखक म्हणाला.

शिपाई हसला. "तार? बाबू, खेड्यात तार आली की बाया आधी रडायला बसत्यात. वाचणारा सापडंपर्यंत कुणाचं तरी तेरावं उरकंल."

मुन्शीजींनी कासाराला विचारलं, तो परत कधी निघणार. तो संध्याकाळच्या गाडीने गंगाखेडला आणि तिथून सकाळच्या मोटारीने पुढे जाणार होता. त्याची बैलगाडी राणीसावरगावात सोडलेली होती.

"गाडी घ्या, बैल घ्या," तो म्हणाला, "पर निरोप मला सांगू नका. इधवा बाईच्या दारात कासार गेला तर गाव काय म्हनंल? तिची सासू मला बांगड्यांसकट आडात टाकंल."

"मी जातो की," शिपाई म्हणाला.

"जाशील. पण परक्या पुरुषाबरोबर सून कोण धाडेल?" मुन्शीजी म्हणाले.

"मी सरकारी माणूस हाय म्हनून सांगतो."

"सरकारी कसला तू," टंकलेखक म्हणाला. "ती टोपी तुझी तूच शिवून आणलीस."

आमदार मुंबईला जाताना सह्या केलेले काही कोरे कागद मुन्शीजींजवळ ठेवून जात. टंकलेखकाने सुचवलं की त्यातल्या एकावर आमदारांच्या नावाने दवाखान्याला पत्र करू. मुलाखत पुढे ढकला म्हणून लिहू. मुन्शीजींनी कपाटाची किल्ली दिली नाही.

"ती सही आमदारांच्या कामाला आहे," ते म्हणाले. "ही चूक त्यांची नाही. आपल्या कचेरीची आहे. मी स्वतः जाऊन सांगतो."

ते दवाखान्यात गेले. मी बरोबर होतो. मोठे डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. हेडक्लार्क भेटले. तेही पूर्वी निजामाच्या नोकरीत होते आणि दोघांची जुनी ओळख होती. दोघे आधी उर्दूत एकमेकांच्या तब्येती विचारत राहिले, मग मुन्शीजींनी काय झालं ते सांगितलं.

"मुन्शीजी, दिवस बदलता येणार नाही," हेडक्लार्क म्हणाले. "उमेदवार आत कोणत्या क्रमाने सोडायच्या ते माझ्या हातात आहे. तुमची बाई शेवटी ठेवतो. साहेब खुर्चीवरून उठले की माझाही इलाज संपला."

तिथून मुन्शीजी घरी गेले. संध्याकाळी माझं बातम्यांचं पाकीट गाडीवर टाकायला मी स्टेशनात गेलो, तेव्हा तिथे शिपाई, कासार, मुन्शीजी आणि त्यांची पत्नी उभे होते. तिच्या हातात भाकरीचं गाठोडं होतं. बाईमाणूस बरोबर असलं तर सासू सून पाठवील, असं घरात ठरलं होतं.

"चूक तुमची," ती नवऱ्याला म्हणाली, "आन् गाडीत मी."

"गंगाखेडला भावजींकडे उतरा," मुन्शीजी म्हणाले.

"भावजी माझे हायत. मला नका सांगू."

गाडी सुटली. पुढचा प्रवास मी पाहिलेला नाही. तो मुन्शीजींच्या पत्नीने आणि शिपायाने नंतर सांगितला, आणि दोघांचं सांगणं जुळत होतं.

मंगळवारी सकाळच्या मोटारीने ते राणीसावरगावला पोचले, तिथून कासाराच्या बैलगाडीने त्या गावी. कासार वेशीबाहेरच थांबला. बाई रानात होती. दारात सासू बसली होती.

"सून न्यायला आलाव? तुमी कोन?"

"मी परभणीच्या कचेरीतली," मुन्शीजींची पत्नी म्हणाली.

"कचेरीत बाया कवापासून?"

"आजपासून."

सासू म्हणाली, "शनिवारी जायचं ठरलंय. गाडीवानानं सांगितलंय, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी."

"ते आमच्या मालकानं सांगितलं. त्यांचा बाजार अजून मंगळवारीच भरायलाय."

सासूला ते पटायला वेळ लागला. कचेरीच्या माणसाला बाजार कुठल्या वारी हे कळत नसेल, तर उद्या दवाखाना तरी जागेवर असेल कशावरून, असं ती म्हणाली. शिपाई मध्ये बोलायला लागला तेव्हा तिने त्याला टोपी काढायला सांगितलं. त्याने काढली. मग तिने त्याचं गाव विचारलं. झरी म्हटल्यावर तिथल्या एका घराची चौकशी केली. ते घर त्याच्या आत्याचं निघालं. त्यानंतर तिने पाणी दिलं.

बाईला रानातून बोलावून आणलं. मुलाखतीला नेसायचं लुगडं ती शुक्रवारी धुणार होती. ते तसंच गाठोड्यात बांधलं. निघताना सासू स्वतः नातीला कडेवर घेऊन बैलगाडीत चढली.

"मी बी येते," ती म्हणाली. "काय शिकिवत्यात ते बघते."

बुधवारी सकाळपासून मुन्शीजी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून होते. कचेरी टंकलेखकाने सांभाळली. आडावर पाणी काढायलाही तोच होता, असं त्या दिवशी आलेल्या लोकांनी सांगितलं. मी दुपारी दवाखान्यात गेलो तेव्हा बाहेर थोड्याच उमेदवार उरल्या होत्या. हेडक्लार्क दारात येऊन नाव पुकारत आणि मुन्शीजींकडे न पाहता आत जात.

गंगाखेडची गाडी त्या दिवशी वेळेवर आली. टांगा फाटकातून आत आला तेव्हा आत शेवटून दुसरी उमेदवार होती. टांग्यातून आधी शिपाई उतरला, मग मुन्शीजींची पत्नी, मग ती बाई, आणि शेवटी नातीला घेऊन सासू. बाईने स्टेशनातच लुगडं बदललं होतं. मुन्शीजी उठून उभे राहिले. सासूला म्हणाले, "माझ्या चुकीने तुम्हाला त्रास झाला."

"बाजार शुक्रवारी हाय," सासू म्हणाली. "लिहून ठिवा."

हेडक्लार्कनी नाव पुकारलं. बाई आत गेली. मुलगी रडायला लागली, तेव्हा शिपाई तिला दवाखान्यामागचा पाण्याचा हौद दाखवायला घेऊन गेला. आत काय विचारलं ते तिने बाहेर आल्यावर सासूला सांगितलं: बाळंतपण पाहिलंय का, रक्त पाहून चक्कर येते का, आणि घरचे पाठवतील का. शेवटच्या प्रश्नाला तिने डॉक्टरांना, सासू बाहेरच बसली आहे, एवढंच उत्तर दिलं होतं.

त्या रात्री तिघी मुन्शीजींच्या घरी राहिल्या. सकाळी शिपायाने त्यांना गाडीत बसवून दिलं.

आमदार मुंबईहून आल्यावर मुन्शीजींनी त्यांना सगळं सांगितलं. मी त्या वेळी तिथे होतो. आमदारांनी ऐकून घेतलं आणि कासाराच्या अर्जाचं काय झालं ते विचारलं. तो अर्ज मुन्शीजींनी त्याच आठवड्यात पंचायतीकडे धाडला होता. बाजार शुक्रवारीच राहिला. त्यापुढे खेड्यात निरोप धाडताना मुन्शीजी बाजाराबरोबर वारही सांगू लागले, आणि निरोप नेणाऱ्याला आधी विचारून घेऊ लागले की बाजार अजून त्याच दिवशी भरतो ना.

दसरा झाल्यावर दवाखान्याच्या भिंतीवर यादी लागली. शिपायाने ती टंकलेखकाकडून दोनदा वाचून घेतली. तिचं नाव होतं. या वेळी निरोप घेऊन शिपाईच गेला.

दिवाळीनंतर ती परभणीच्या वसतिगृहात राहायला आली. मुलगी गावी सासूजवळ राहिली.