वच्छलाबाईंनी काढलेले डोळे

सुंदर वस्तू समोर आली की माणसे 'वा' म्हणतात. वच्छलाबाई कपाळावर हात मारून घेत. "हे मले काहून नाई सुचलं वं माय!" हा त्यांचा ठरलेला उद्गार. शेजारणीच्या दारातील रांगोळी असो, लग्नातील रुखवत असो की दुसऱ्या कोणी घडवलेला गणपती असो, याहून मोठी स्तुती त्यांच्या मुखातून कोणाच्या वाट्याला आल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तो उद्गार काढताना त्यांच्या मुद्रेवर जे दुःख उमटे, ते मात्र अगदी खरे असे. शेजारणीची रांगोळी विशेष चांगली उतरली, तर त्या दिवशी बाईंना अन्न गोड लागत नसे, असे त्यांची सूनच सांगे.

रिसोडला आमच्या आळीतील मंदिरात मी वर्षानुवर्षे चातुर्मासात पुराण सांगत आलो आहे. षड्रिपूंचे निरूपण करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. काम, क्रोध, लोभ हे आपल्या ठिकाणी आहेत, असे श्रोते मान हलवून कबूल करतात. क्रोधाचा तर काहींना अभिमानही असतो. परंतु मत्सराचे नाव काढले की सारी सभा खाली पाहू लागते. एकदा मी सहज विचारले, "हा सहावा शत्रू इथे कोणाच्याच घरी राहत नाही का?" तेव्हा स्त्रियांच्या बाजूने खणखणीत आवाज आला, "आपल्याकडं तं हाये बाप्पा! सकाळी माह्या आंधीच उठते थो." सभा हसली. वच्छलाबाई हसल्या नाहीत. पुराण संपल्यावर प्रसाद घेताना मला म्हणाल्या, "लोकायले हसू द्या, महाराज. पोटात आग असली का रंग लवकर वाळते."

रंगाचे हे बोलणे त्यांच्या व्यवसायातले होते. आमच्या भागात भाद्रपदात घरोघरी महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा यांचे मुखवटे पुष्कळ घरांत मातीचे किंवा शाडूचे असून, काही वर्षांनी त्यांचा रंग उडतो. मग ते खणात गुंडाळून वच्छलाबाईंकडे येत. गाल, ओठ, भांगातील कुंकू हे सारे त्या दुपारच्या गप्पांत रंगवीत. डोळे मात्र अखेरीस. सकाळी स्नान करून, उपाशीपोटी, पूर्वेकडे तोंड करून. बुबुळ रेखताना त्या श्वास रोखून धरीत. डोळे पुरे झाले की कुंचला खाली ठेवून आधी नमस्कार करीत आणि मगच श्वास सोडीत. मूर्तिशास्त्रात या विधीला नेत्रोन्मीलन म्हणतात. शास्त्रदृष्ट्या त्यानंतर प्राणप्रतिष्ठा व्हावी लागते. पण आमच्या आयाबायांच्या लेखी बाईंनी डोळे उघडले की देवी घरात आली. त्या क्षणापासून मुखवट्याला कोणी पाय लागू देत नसे.

देवीच्या मुखावर करणाऱ्याचे नाव घालावयाचे नसते. बाईंनी ते कधी घातले नाही, आणि ते घालावे असा विचारही त्यांच्या मनात कधी आला नसावा. तो विचार आला तो वाचनालयाच्या माडीवर कलादालन सुरू झाले तेव्हा.

वाचनालयाची वरची खोली पूर्वी मोडक्या खुर्च्यांनी भरलेली असे. गावातील काही चित्रकार मुलामुलींनी ती मागून घेतली, चुना लावला, भिंतींवर खिळे ठोकले, दिवे लावले आणि आपली चित्रे मांडली. वाचनालयाच्या संस्कृत ग्रंथांची देखभाल माझ्याकडे असल्याने उद्घाटनाच्या दिवशी दीप लावण्याचा मान मला मिळाला. समोरच्या मोठ्या भिंतीवर रेश्मा नावाच्या मुलीचे चित्र होते. ही मानोरा गावाजवळच्या एका बंजारा तांड्यावरची. रिसोडला नातलगांकडे राहून महाविद्यालयात शिकणारी. रंग कसा कालवावा, कुंचला कसा धरावा, हे ती दोन उन्हाळे वच्छलाबाईंच्या ओसरीवर बसून शिकली होती. चित्रात ऊसतोडीला निघालेली ट्रॉली होती. बोचकी, शेळी, माणसे, आणि मागे सुटलेल्या तांड्याकडे पाहणारी एक लहान मुलगी. चित्राखाली रेश्माच्या नावाची छापील चिठ्ठी होती.

वच्छलाबाई त्या चित्रापुढे उभ्या राहिल्या. कपाळाकडे गेलेला हात अर्ध्यावरच थांबला. त्यांनी एक एक अक्षर लावीत चिठ्ठी वाचली.

"नाव कायले लावलं वं खाली? चोर नेते का?"

"चित्राखाली लावतेतच, मावशी," रेश्मा म्हणाली.

"मंग म्या साऱ्या गावाच्या लक्ष्म्या रंगवल्या. माह्यं नाव कोठी हाये?"

"तुमचं नाव तं साऱ्यायले ठाऊक हाये."

"ठाऊक असनं अल्लग, न् भितीवर असनं अल्लग! मले नको शिकवू. कुंचला कोन्त्या हातात धराचा थे म्या शिकवलं तुले." मग जिना उतरताना, सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने त्या पुटपुटल्या, "शेळीचे पाय चुकले."

शेळीचे पाय चुकले नव्हते. ते त्यांनाही ठाऊक होते, म्हणूनच त्या रात्री जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझी पूजा आटोपते न आटोपते तोच त्या दारात. "महाराज, देवीचं तोंड खिळ्याले टांगता येते का? शास्त्र पाहून सांगा. मराच्या आंधी मले एक डाव माह्यं नाव तेथी पाह्याचं हाये." हे त्यांनी अशा स्वरात सांगितले, की मला ग्रंथ उघडण्याचाही धीर झाला नाही. मी म्हणालो, "सणापुरते आवाहन आणि मग विसर्जन असते, बाई. विसर्जनानंतर मुखवटा ही केवळ मूर्ती. आदराने मांडला तर दोष नाही." त्या आनंदाने मुखवटा मागण्यास थेट एका ओळखीच्या घरी गेल्या. घरच्या बाईने हौसेने पेटी उघडली. मुखवटे गव्हात ठेवलेले होते. वरचा खण दूर केला आणि वच्छलाबाईंनीच रेखलेले ते डोळे त्यांच्याकडे पाहू लागले. "झाक वं, झाक!" म्हणत त्या मागे सरल्या. संध्याकाळी येऊन म्हणाल्या, "तुमचं शास्त्र बराबर असन, महाराज. पन थे माह्याकडं पाहून राह्यली होती. तिले खिळ्याले टांगू म्हनता? माह्याच्यानं नाई होत."

तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग काढला. नवा मुखवटा घडवला, रंगवला, आणि त्याचे डोळे काढलेच नाहीत. डोळे नाहीत तर देवी नाही; मग तो टांगण्यास हरकत कसली? पुढच्या प्रदर्शनात तो मुखवटा भिंतीवर लागला, खाली नावही लागले. वाशिमहून आलेला एक तरुण चित्रकार त्यापुढे बराच वेळ उभा राहून म्हणाला, "काकू, फार आधुनिक काम आहे. हे डोळे नसणं फार बोलतं."

बाईंचा चेहरा उतरला. "माह्यी सारी जिंदगी डोळ्यात गेली," त्या मला म्हणाल्या, "न् हा म्हनते, डोळे नाई थेच ब्येस!" सायंकाळ होण्याच्या आत त्यांनी मुखवटा उतरवून पिशवीत घातला. नाव होते, पण ज्या कामाचे नाव हवे ते काम तिथे नव्हते. त्याच वेळी रेश्माच्या नव्या चित्रापुढे माणसे दाटीने उभी होती. पिशवी छातीशी धरून बाई जिन्याच्या तोंडाशी थांबल्या आणि त्या दाटीकडे पाहत राहिल्या. इतक्या उत्कट, इतक्या एकाग्र दृष्टीने पाहताना मी मंदिरात दर्शनाला आलेल्या माणसांनाही क्वचितच पाहिले आहे.

त्यानंतर पुष्कळ दिवस त्या पुराणाला आल्या नाहीत. सून म्हणे, खोलीत आरसा घेऊन बसतात. एके सकाळी मला बोलावणे आले. पाटावर एक मुखवटा होता, झाकलेला. "देवी कशी पाह्यते, महाराज?"

"समोर," मी म्हणालो. "भक्ताच्या सन्मुख."

"तिरपं पाह्यते का कोनाकडं?"

"देवीला तिरपे पाहण्याचे काय कारण?"

"मंग तिरपं पाह्यते थे मानूस. होय का नाई?" आणि त्यांनी वस्त्र काढले.

ती एक म्हातारी होती. भांगात कुंकू नव्हते, नाकात नथ नव्हती. ओठ घट्ट मिटलेले होते, आणि डोळे, ते सुंदर, पाणीदार, बाईंच्याच हाताचे डोळे, पूर्ण डावीकडे वळलेले होते. शेजारच्या पानात काय वाढले आहे ते मान न हलवता पाहावे, तसे. मी वयाने वृद्ध, वृत्तीने शांत; पण ते डोळे पाहून मला माझ्याहून चांगले पुराण सांगणाऱ्या माझ्या गुरुबंधूची आठवण झाली, आणि मी नकळत दृष्टी खाली केली.

त्यानंतरच्या प्रदर्शनात बाईंनी हट्टाने रेश्माच्या चित्राच्या उजवीकडची जागा मागून घेतली. खाली नाव लागले. या खेपेला डोळे होते आणि नावही होते. लोक येत, म्हातारीपुढे थबकत, हसत, कोणी म्हणे, "ही तं आमची आत्याबाई!" आणि मग, बाईंनी ज्याचा विचारच केला नव्हता, ते घडे. म्हातारी एवढे काय पाहते आहे हे जाणण्यासाठी प्रत्येक माणूस तिच्या दृष्टीच्या रोखाने वळे आणि रेश्माच्या चित्रापुढे जाऊन उभा राही. तिथेच तो अधिक वेळ रमे.

"म्या घडवली म्हातारी, न् गिऱ्हाइकं धाडते त्या पोरीकडं!" बाई संतापल्या. त्यांनी मुखवटा उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशेजारी टांगला. आता लोक म्हातारी पाहून खिडकीतून बाहेर डोकावू लागले. बाहेर बाजारात सोयाबीनची पोती उतरत होती. एक गृहस्थ तर कठड्याला रेलून भाव विचारू लागले. बाईंनी काही काळ हे सोसले. मग त्या उठल्या, मुखवटा काढला आणि मुकाट्याने पूर्वीच्या जागी नेऊन लावला.

"काहून, मावशी?" रेश्माने भीत भीत विचारले.

"पोत्यायपक्षा तू बरी," बाई म्हणाल्या. "पन हुरळू नको. लोकं तुह्यं चित्र माह्या डोळ्यानं पाहून राह्यले."

रेश्मा हसली आणि वाकून पाया पडली. बाईंनी आशीर्वाद दिला की नाही ते मला दिसले नाही. तिच्या ओढणीला लागलेला रंग मात्र त्यांनी नखाने खरवडून काढला.

पुढच्या वर्षी बाई अंथरुणाला खिळल्या. प्रदर्शन भरले तेव्हा त्यांना जिना चढणे शक्य नव्हते. मी पाहून आलो आणि त्यांच्याकडे गेलो. उशाशी बसताच त्यांनी विचारले, "माह्या जाग्यावर कोनाचं लावलं?"

"रेश्माचे."

"दोन-दोन जागा तिले!" त्यांनी भिंतीकडे तोंड केले. तिकडूनच विचारले, "काय काढलं तिनं?"

"तुम्हांला काढले आहे. मुखवट्याचे डोळे रेखताना. श्वास रोखलेला आहे."

बाई वळल्या. आजाराने सारे शरीर थकले होते, तो सहावा रिपू तेवढा शाबूत होता. त्यांनी माझा हात धरला. "खरं सांगा, महाराज. तुमी खोटं बोलत नाई. माहे डोळे कसे काढले तिनं? माह्यासारखे जमले?"

जमले होते. मी त्या चित्रापुढे उभा असताना, कुंचला खाली ठेवून बाई आता श्वास सोडतील, असे मला वाटले होते. मी म्हणालो, "नाही, बाई. थोडे उणे आहे. डाव्या डोळ्यात."

त्यांच्या मुखावर जे समाधान पसरले, तसे मी कोणत्याही तीर्थप्रसादाने पसरलेले पाहिले नाही. "मले ठाऊकच होतं," त्या म्हणाल्या. "डावा तिले साधतच नाई. हात लवकर उचलते." आणि लगेच अस्वस्थ होऊन उठू लागल्या. "धाडा तिले माह्याकडं. तसंच टांगलेलं ठेवू नका म्हना. लोकं म्हनतीन, वच्छलीनं बराबर शिकवलं नाई."

मी रेश्माला घेऊन आलो आणि वाटेत जे खरे ते तिला सांगितले. ती दाराबाहेर थबकली. "महाराज, मंग मी काय शिकू?"

"त्या शिकवतील ते."

रेश्मा पाटी घेऊन उशाशी बसली. बाईंनी तिचे मनगट धरले. बुबुळाची रेघ फिरू लागली. "उचलू नको. आता नाई. आता बी नाई. हं." पाटीवर एक डावा डोळा उमटला. रेश्मा खाली मान घालून म्हणत होती, "हो मावशी. हेच चुकलं होतं माह्यं." मग बाईंनी तिला एकटीला काढायला लावले. तिने काढला. बाई तो फार वेळ पाहत राहिल्या. जवळून पाहिला, दूर धरला, पुन्हा जवळ आणला.

"जमला," अखेर त्या म्हणाल्या आणि पाटी तिच्या मांडीवर ठेवून डोळे मिटले. "माह्यासारखा नाई जमला. पन जमला."

महालक्ष्म्यांच्या आधीच बाई गेल्या. त्या दिवशीच्या असत्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावे, असे मला अद्याप वाटलेले नाही. त्या भाद्रपदात खणात गुंडाळलेले मुखवटे घेऊन आमच्या आळीतील बायका रेश्माच्या दारी गेल्या. तिनेही स्नान करून, उपाशीपोटी, पूर्वेकडे तोंड करून ते डोळे उघडले, आणि त्यांपैकी एकाही मुखवट्यावर तिचे नाव नाही.