काठापर्यंत गेलेली डाळ

सिंगापूरला टॅम्पिनीसमध्ये आमच्या ब्लॉकखाली त्रिनिदादच्या एका बाईंचं चार टेबलांचं हॉटेल आहे. तिथे दर शनिवारी एक मराठी गृहस्थ भेटतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. आपण परमनंट रेसिडेंट असल्याचं मात्र त्यांनी पहिल्याच भेटीत न विचारता सांगितलं.

या हॉटेलात कोंबडीच्या रश्श्याबरोबर डाळ भरलेली मोठी पोळी मिळते. ती आली की गृहस्थ तिची कड चिमटीत धरून उजेडाकडे करतात आणि डाळ काठापर्यंत गेली आहे का ते बघतात. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल देतात, "आपलीच पुरणपोळी. गूळ घालायला विसरले बिचारे." बाईंना मराठी कळत नाही, त्यामुळे त्या हसून आणखी रस्सा वाढतात.

"घरी होते का पुरणपोळी?" मी एकदा विचारलं.

"घरी कुणाला वेळ आहे? आणि मुलांना पास्ता लागतो."

होळीला ते झब्बा घालून आले आणि उभ्याउभ्याच दोन पोळ्या बांधून घेतल्या. रश्श्याचा डाव पोळीला लागू नये म्हणून बाईंच्या हाताकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते.

"नैवेद्याला," ते मला म्हणाले.

"अहो, पण यात लसूण असतो."

पुडकं नीट छातीशी धरून ते शांतपणे म्हणाले, "आमचे देवसुद्धा आता परमनंट रेसिडेंट झालेत. चालवून घेतात."