रुबिनाची हजेरी

इंगळे सर आज सकाळी गेले.
अन् मी लेट झालो.

बुलढाण्याची आपली शाळा तुमाले माहीतच आहे. परीक्षा घेऊन पोरं निवडणारी. अख्ख्या जिल्ह्यातून एकच वर्ग.
आधी तर फक्त पोरांचीच होती. पोरीबी घ्या म्हणून सर संस्थेच्या मीटिंगमध्ये एवढे भांडले, की त्यांचं हेडमास्तर होणंच राहून गेलं.

मी वेटिंगवरून कसाबसा घुसलेला.
रुबिना मेरिटमध्ये पहिली. देऊळघाटची.

पण पोळा आला की दसऱ्यापर्यंत ती गायब, तिचा बेंच खाली.
घरचे सगळे बीटी कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर मजुरीले. एका फुलाची भुकटी दुसऱ्या फुलाले हातानं लावायची. बारीक बोटं लागत. म्हणून पोरी.

अन् शाळेचा नियम कडक. लय दिवस गैरहजर राह्यलं की नाव कट, वेटिंगवरचं दुसरं पोरगं आत.

सर खाली मान घालून हजेरी घेत.
"रुबिना शेख."
मी आपला मस्तीत, पोरीच्या आवाजात, "हजर सर!"
वर्ग तोंड दाबून हसला. सरांनी मान वर केली नाही. पुढचं नाव घेतलं.
मले वाटलं, म्हाताऱ्याले ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गप्प बसलो.
सर थांबले. परत म्हणाले, "रुबिना शेख."
अन् खालच्या मानेनंच वाट पाहून राह्यले.

तवा माझी ट्यूब पेटली.
"हजर सर."

दसरा झाल्यावर ती आली. बेंच तिचाच होता.

दोन वर्षं जमलं.
आठवीत माझा आवाज फुटला. "हजर सर" म्हणालो अन् गळ्यातून रेडाच निघाला. वर्ग खिदळला. हेडमास्तर नेमके दारात.
सरांले मान वर करावीच लागली.

रुबिनाचं नाव कटलं.

त्याच्यानंतर सर कुठंबी भेटो, बस स्टँडवर नाहीतर चहाच्या टपरीवर, एकच विचारत.
"काय बे रेड्या, ती पोरगी दिसली काय कुठं?"
"नाही सर."
"पाहत राह्य."

यंदा पोळ्याच्या आधी दिसली. मोताळ्याच्या बाजारात. मी ओळखलंच नाही, तिनंच हाक मारली.
"क्यों रे, मेरी हाजरी अब कौन लगाता?"
संगं तिची लेक. शाळेच्या ड्रेसमध्ये. आपल्याच शाळेच्या.
"परीक्षा दी इसने. पहिला नंबर."

म्हटलं, हे सरांले फोनवर नाही सांगायचं. मायलेकींले घेऊनच त्यांच्या दारात उभं राहायचं. त्यांचं तोंड पाहायचं होतं मले.
सोयाबीन निघालं की जाऊ.
दिवाळी झाली की जाऊ.

सर, रुबिनाची पोरगी आपल्या शाळेत आहे.
पोळा गेला, दसरा गेला, तिचा बेंच एक दिवस खाली नाही राह्यला.
स्वतःच्याच आवाजात हजर म्हणते.

एकदा मान वर करा न, सर.