बाबलच्या डब्यातल्या आंबोळ्या

बाबल गेल्याचा फोन आला तेव्हा मी मागच्या पडवीत टोपात प्लास्टिक तापवत होतो. सकाळचे नऊ वाजले असतील. वासंतीवहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, आवाज अगदी शांत होता. "भावोजी, ह्ये गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी समुद्रकाठच्या खडपावर जाऊन आला, घरापुढच्या खळ्यात बसून चहा मागितला, आणि चहा बाहेर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं... मी "येतो" म्हणालो, फोन ठेवला. पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण पाच आठवडे ते मनात बाळगून मी कंटाळलो आहे. माझ्या मनात पहिला विचार दुःखाचा आला नाही. पहिला विचार आला तो असा, की गेला, आणि न सांगताच गेला. मग गॅसकडे लक्ष गेलं. टोपातलं सगळं जळून पिवळं झालं होतं.

काय न सांगता गेला ते सांगतो, म्हणजे हा लेख लिहिणारा माणूस किती कोत्या मनाचा आहे याचा वाचणाऱ्यांना अंदाज येईल. मालवणात आम्ही दोघे एका वर्गात, एका बाकावर होतो. तो नववीत विज्ञानात दोनदा नापास झाला आणि शाळा सोडून वडिलांच्या खाज्याच्या, जत्रेतल्या मिठाईच्या, धंद्यात शिरला. मी शिकून त्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागलो आणि तेच शिकवत निवृत्त झालो. जत्रांच्या दिवसांत तो गुळाच्या पाकात खाजं घोळवायचा. उरलेलं वर्ष त्याच्या हातात दोरी आणि गरी असायची, किंवा हल्लीहल्ली पर्यटकांसारखी काठी. गरवण्याचं, म्हणजे गळाने मासे धरण्याचं, वेड मलाही होतं, पण मासे त्याला लागायचे. मी त्याच्या शेजारच्या दगडावर, तेच आमिष, तीच भरती, आणि मासा त्याच्याच गरीला. असं चाळीस वर्षं चाललं. माणसाने सहन तरी किती करायचं?

तारकर्लीकडे येणाऱ्या पर्यटकांकडे आम्ही ते रबरी मासे पहिल्यांदा पाहिले. बोटभर लांबीचे, मऊ, शेपटी पाण्यात वळवळणारी. आम्हाला दोघांनाही त्यांनी खुळं केलं. पण आमच्याकडचे केंड मासे दोन फेकींत त्यांच्या शेपट्या कुरतडून टाकत, म्हणून मी म्हटलं, आपण घरीच ओतू. कल्पना माझी होती, हे इथे नोंदवून ठेवतो. विकतचा एक मासा प्लास्टरमध्ये दाबून साचा केला. कुरिअरने पातळ प्लास्टिक मागवलं. ते बाटलीत असतं तेव्हा हुबेहूब दुधासारखं दिसतं, म्हणून आम्ही त्याला दूधच म्हणायचो. तापवलं की आधी घट्ट होतं, खरवसासारखं, आणि आणखी तापलं की मधासारखं पातळ आणि नितळ. त्यात रंग, थोडी चमकी, आणि साच्यात ओतायचं. वास इतका वाईट की पहिल्याच दिवशी बायकोने मला स्वयंपाकघरातून पडवीत घालवलं आणि तोंडाला मास्क लावायला सांगितलं. ओतलेलं गार झालं, साचा उघडला, आणि माझ्या पहिल्या माशाच्या अंगभर बुडबुडे होते. पोटात, पाठीवर, डोळ्याच्या जागी सुद्धा. बाबलने तो उजेडात धरला, उलटसुलट केला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "मास्तरान आज आंबोळ्यो घातल्यान."

तव्यावरच्या आंबोळीला पडते तशी जाळी होती खरी. त्या दिवसापासून माझ्या माशांचं नाव आंबोळी पडलं ते पडलंच. भर बाजारात मला विचारायचा, आज किती आंबोळ्यो घातलंस म्हणून, आणि मासे विकणाऱ्या बायका मला पाककृती विचारायच्या.

त्यानेही त्याच आठवड्यात ओतले. त्याच बाटलीतलं दूध, माझ्याच साच्यासारखा साचा. त्याचा मासा काचेसारखा नितळ निघाला. एक बुडबुडा नाही. मी तो हातात घेतला आणि मला जे वाटलं त्याला हेवा हा फार सभ्य शब्द आहे. रसायन मी शिकवलं होतं. द्रव, वायू, वाफ, दाब हे सगळं मी फळ्यावर काढत होतो. आणि हा विज्ञानात दोनदा नापास झालेला माणूस!

मी वही घातली. बुडबुडे येतात ते हवेमुळे किंवा ओलाव्यामुळे, तिसरं कारण नाही. मग एकेक वाट बंद करत गेलो. बाटली ऐन वेळी हलवली की हवा मिसळते, म्हणून आदल्या दिवशी हलवून ठेवू लागलो. चमच्याने भराभर ढवळायचो ते सोडून काचेची कांडी घेतली आणि तळाशी सावकाश फिरवली. आच मंद केली. ओतण्याआधी टोप मिनिटभर स्वस्थ ठेवून वर आलेला फेस काढू लागलो. धार बारीक केली, एकाच जागी धरली. हवेला बाहेर पडायला शेपटीच्या टोकाशी बारीक भोक पाडलं. प्लास्टर ओलं असेल तर गरम प्लास्टिक पडताच त्यातल्या पाण्याची वाफ होते, हे तर पाठ होतं, म्हणून साचे दोन-दोन दिवस उन्हात वाळवले, आतून पातळ गोंदाचा हात दिला. प्रत्येक उपायाने बुडबुडे कमी झाले. पण गेले नाहीत. पोटात ओळीने तीन-चार राहायचेच. खराब निघालेले मासे मी एका वाडग्यात वेगळे काढून ठेवायचो. बाबल रविवारी यायचा, वाडगं खिशात रिकामं करायचा आणि म्हणायचा, परत वितळवतो, फुकट कशाला घालवायचं. मला तोही अपमान वाटायचा. माझा कचरा नेऊन हा त्याचे नितळ मासे करणार.

मी त्याच्याकडे जाऊन त्याचं ओतणं किती वेळा पाहिलं असेन. खळ्यात छोटी शेगडी मांडून तो बसायचा. पाक पाहून पाहून तयार झालेला डोळा, घाई अशी कशालाच नाही. टोप खाली उतरवला की जत्रेतल्या गमती सांगत बसायचा आणि मग सहज उचलून ओतायचा. मी प्रत्येक हालचाल वहीत लिहून घेतली. घरी येऊन तसंच केलं. तीन-चार बुडबुडे. शेवटी एकदा स्पष्ट विचारलं, कसं करतोस ते सांग. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "तू करतंस तसाच, मास्तरा." हे उत्तर त्याने मला दहा वेळा दिलं असेल. दहाही वेळा मला वाटलं, हा लपवतोय. पन्नास वर्षांची मैत्री, आणि एवढीशी गोष्ट हा माणूस मला सांगत नाही. आपण ज्याला मित्र म्हणतो तो आपल्याला मित्र समजतो की नुसती करमणूक, हा प्रश्न मला तेव्हापासून लागला.

मग तो चोणक मासा आला. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या सकाळी माझ्या गुडघ्याने दगा दिला म्हणून मी खडपावर गेलो नव्हतो आणि नेमका त्याच सकाळी बाबलला खांद्यावरून शेपटी मांडीपर्यंत लोंबेल असा चोणक लागला. त्याने तो मुद्दाम बाजारातून मिरवत नेला, माझ्या घरावरून. फोटो काढले गेले. एका फोटोत मी शेपटी धरून उभा आहे आणि माझा चेहरा दात काढून घेतल्यासारखा आहे. मी विचारलं, कुठल्या माशावर लागला? इतर वेळी पाल्हाळ लावणारा बाबल दुसरीकडे बघत म्हणाला, "आसा एक." बस्स. मी पंधरा दिवस त्याच्याकडे गेलो नाही. सोळाव्या दिवशी तोच आला, वाडगं रिकामं केलं, चहा प्यायला आणि गेला.

तेरावं झाल्यावर आठवड्याने मी वहिनींना भेटायला गेलो. आजवर त्या घरी मी खळ्यात नाहीतर पडवीत बसत आलो. पुरुषमाणसाने दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरायचं नाही, चहा बाहेर येतो, हे आमच्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. त्या दिवशी वहिनींना फळीवरचा डबा काढायला हात पुरेना, म्हणून त्यांनी मला आत बोलावलं. चुलीच्या वर एक फळी टांगलेली होती. तिच्यावर कोकमाची सोलं, सुकी खोबरी, आणि त्यांच्या शेजारी धुराने काळे झालेले बाबलचे साचे, ओळीने मांडलेले. तो काळेपणा मी ओतताना पाहिला होता, पण शेगडीची काजळी समजलो होतो. मी एक उचलला. सुकून पापडासारखा हलका झाला होता. माझे साचे दोन दिवस ऊन खाऊन पडवीच्या कोनाड्यात जायचे आणि समुद्राचा दमट वारा तिथे रात्रंदिवस त्यांना पाणी पाजायचा. गोंदाच्या थरात कुठेतरी चीर राहत असणार. मी वहिनींना विचारलं, साचे इथे ठेवायचे हे त्याला कुणी सांगितलं?

"सांगूक कित्याक व्हया? ठेवूक दुसरी जागा खंय आसा?" त्या म्हणाल्या.

म्हणजे त्याला माहीतच नव्हतं. तू करतंस तसाच, हे तो खरं सांगत होता. मी चुलीसमोर उभा राहिलो आणि मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. वीस वह्या लिहूनही मला जे जमलं नाही ते या माणसाला जागेच्या टंचाईने दिलं होतं.

मग मी तो डबा काढून दिला, तर वहिनींनी तो परत माझ्याच हातात ठेवला. खाज्याचा जुना पत्र्याचा डबा, झाकणावर बाबलच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं: आंबोळ्यो. आत माझे मासे होते. वाडग्यातून वितळवायला म्हणून नेलेले, एकही न वितळवलेला. डाव्या डोळ्याखाली टेंगूळ असलेले, कारण माझा साचा तिथे थोडा फुटला होता. सगळ्यात वर एक हिरवा, पोटात तीन बुडबुडे, गरी अजून तशीच अडकलेली आणि पाठीवर कानशीने घासल्यासारखे ओरखडे. वहिनी म्हणाल्या, त्याच्यावरच तो चोणक लागला. बाबलचे नितळ मासे जड म्हणे, ते खाली जाऊन खडपात अडकायचे. माझ्यांच्या पोटातल्या हवेमुळे ते सावकाश बुडत आणि दगडांच्या वरून तरंगत येत. मोठा मासा तिथेच दबा धरून असतो.

डब्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेले आणखी काही होते. ते माझे नव्हते. ओबडधोबड, कुणाच्या डोक्यात भोकं, कुणाच्या शेपटीत. वहिनी हसल्या. बाबल ताकाची रवी घेऊन दूध घुसळायचा म्हणे, साचे मुद्दाम ओले करायचा, दोन महिने तेच चाललं होतं. "ह्यांका तुमच्यासारखे बुडबुडे कधी जमूक नाय," त्या म्हणाल्या. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? त्यांनी पदराने डब्याचं झाकण पुसलं. "म्हणत, मास्तराक कळला तर तो माका जगूक देवचो नाय..." आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्या चहा ठेवायला वळल्या. मी डब्याला झाकण लावलं.

तर बाबल माझा हेवा करत होता. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं, आणि खरं सांगायचं तर घरी येताना वाटभर वाटलंही. मी एकटाच चालत हसत होतो. पण हेव्याची खोड अशी सहज जात नाही. आता मला वाटतं, तो चोणक झेपावला तेव्हा दोरीच्या त्या टोकाला माझी आंबोळी होती आणि या टोकाला बाबल होता. ते त्याने दोन वर्षं एकट्याने मनात घोळवलं. मला सांगितलं असतं तर मी त्याला खरंच जगू दिलं नसतं. बाजारात, पारावर, जत्रेत, दर भेटीत सांगितलं असतं. ते सुख त्याने मला द्यायला हवं होतं. मीही त्याला एकदा तरी सांगायला हवं होतं, की तुझ्यासारखं ओतणं मला आयुष्यात जमणार नाही. दोघेही सारखेच चिक्कू निघालो.

आता माझे साचे आमच्या स्वयंपाकघरात, चुलीवरच्या फळीवर असतात. बायको कुरकुरते, पण ठेवू देते. मासे नितळ निघतात, एकही बुडबुडा नाही, आणि खडपात जाऊन अडकतात. रविवारी ओतून झालं की खराब निघालेले वेगळे काढायला मी अजून वाडगं पुढे ओढतो, बाबल येऊन नेईल म्हणून. त्याचा डबाही शेजारीच ठेवला आहे. पण हल्ली माझं काही बिघडतच नाही. वाडगं रिकामं राहतं.