भाकड दिवसांची वैरण

"वाच. काय लिवलंयस ते मोठ्यानं वाच!"

गंगाक्का माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. ना या, ना बसा, ना पाणी. गडहिंग्लजजवळच्या त्यांच्या महिला दूध संस्थेत मी माझा प्रोग्रॅम घेऊन गेलो होतो. दुधाचं माप आणि फॅट घालून दर सांगणारा, बिल काढणारा. समोर बायका रिकाम्या किटल्या घेऊन बसलेल्या आणि मी आपला पडद्यावरची एकेक ओळ वाचून तिचा अर्थ सांगतोय. मधेच अक्का ओरडल्या, "फॅट उतरली की दर कुठं उतरतोय? बोट ठेव त्या ओळीवर!" मी बोट ठेवलं. इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेतसुद्धा मला कुणी इतकं सोललं नव्हतं.

त्याला कारण होतं. आधीचा सेक्रेटरी फॅटचा आकडा मनानंच लिहायचा, आणि बायकांचं दूध कायम पातळ ठरायचं. अक्कांनी त्याला हाकलला आणि स्वतः चेअरमन झाल्या. इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि झाकपाक केलेल्या कुठल्याही गोष्टीचा भयंकर संताप. माझा प्रोग्रॅम ओपन सोर्स होता, म्हणजे आतलं सगळं लिखाण कुणीही वाचावं, सुधारावं, फुकट न्यावं. त्यातलं एवढंच त्यांनी उचललं. "उघडं हाय न्हवं? मग ऱ्हाऊ दे."

बघता बघता तो प्रोग्रॅम आसपासच्या बऱ्याच संस्थांत पोचला. कोल्हापुरात माझ्या घरचा फोन जेवताना वाजायचा, आंघोळीला गेलो तरी वाजायचा. पैशाचं नाव मात्र कुणी काढत नव्हतं. अक्कांनीच एकदा विचारलं, "तम्मा, पोट कशावर चालतंय तुझं?" कर्नाटकच्या सीमेकडे धाकट्या भावाला तम्मा म्हणतात.

"लोक खूश होतात, अक्का."

"खुशीला फोडणी देतोस व्हय रे?"

त्या महिन्यापासून संस्थेनं मला ठरावीक रक्कम सुरू केली. एखाद्या महिन्यात नवीन काहीच केलेलं नसायचं आणि पैसे घेताना मला ओशाळायला व्हायचं. तेव्हा अक्का उखडायच्या. "म्हस भाकड हाय म्हणून वैरण तोडतंय काय कोण? आत्ता उपाशी ठेवली तर व्याल्यावर दूध कुठनं देईल?"

मग ती कंपनी आली. पुण्याची, मोठी. प्रत्येक संस्थेला यंत्र आणि प्रोग्रॅम फुकट देणार होती. मला नोकरी आणि डोळे पांढरे होतील असा पगार. अट एकच, माझ्या प्रोग्रॅमचं काम मी सोडायचं. त्यांच्या प्रोग्रॅमच्या आत काय आहे हे कुणालाच दिसणार नव्हतं, आणि माझा सांभाळायला कुणी उरलं नाही तर दराचे नियम बदलताच तो निकामी होणार होता. बायको म्हणाली, "पोरगी शाळेत जायला लागली. एका संस्थेच्या वैरणीवर किती दिवस काढायचे?" तिचं काय चुकलं?

अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आजूबाजूच्या संस्थांना वर्गणीसाठी गळ घातली होती, पण सगळे म्हणत होते, आधी तुमच्या सभेत ठराव होऊ दे, मग आम्ही बघू. "सभेपत्तुर थांब," एवढंच त्या म्हणाल्या.

सभेत मी दाराशी उभा होतो. अक्कांनी माझी महिन्याची रक्कम दरवर्षी चालू ठेवण्याचा ठराव मांडला आणि व्हाइस चेअरमन शोभाताई ताडकन उठल्या. "कंपनी फुकट देतीया आन आपुन ह्याला पैसं द्यायचं? ह्यात अक्कांचं काय हाय ते आधी सांगा!"

"भाऊ म्हणतीया की त्याला," मागून कोणीतरी बोललं. बायका हसल्या. माझे कान तापले. 'राहू दे तो ठराव' म्हणायला मी पुढं झालो, तर अक्कांनी तिथूनच दटावलं, "गप ऱ्हा. तुझं काय काम न्हाय हितं!"

मग त्या शोभाताईंकडे वळल्या. "फुकट देणाऱ्याचं पोट कुठनं भरतंय ते इचारलंस? उद्या फॅट कमी दावली तर कुणाला धरशील?"

"ते ऱ्हाऊ दे. तुमी खुर्चीत असताना ह्यो ठराव झाला, तर गाव म्हणंल अक्कांनी खाल्लं."

अक्का म्हणाल्या, "माझ्या खुर्चीपायी अडलंय व्हय? मग ही सोडली." त्या उठल्या, पदर सावरला आणि खाली येऊन सतरंजीवर बायकांच्यात बसल्या. "बस वर, शोभा. आन घे ठराव."

शोभाताईंना हे अपेक्षितच नव्हतं. त्या बसल्या, चाचरत ठराव वाचला. आधी एकही हात वर जाईना. मग कोपऱ्यातली एक म्हातारी उठून उभीच राहिली आणि तिच्यामागून हात वर होत गेले. ठराव झाला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अक्का, माझ्यामुळं तुमची खुर्ची गेली."

"तुझ्यामुळं? लई शाणा लागून गेलास! तुला पोसाय न्हाय सोडली. माझ्या बायकांच्या दुधाला पुन्यांदा कुणी पाणी म्हणू नये म्हणून सोडली. जा, पुण्याला फोन कर."

एसटी स्टँडवरच्या बूथमधून मी फोन केला आणि नोकरी नाकारली. नंतर एकेक करत दुसऱ्या संस्थाही वर्गणी द्यायला लागल्या, पण त्या दिवशी ते कुणाला माहीत होतं?

अक्का परत कधीच चेअरमन झाल्या नाहीत. त्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. अखेरपर्यंत सगळ्या बायकांसारख्याच किटली घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. एकदा माझ्यासमोरच त्यांच्या दुधाची फॅट कमी लागली. मला वाटलं, आता ही बाई मला सोलणार! अक्कांनी पावती घेतली, वाचली आणि कनवटीला खोचली.

"कमीच असणार. पेंड संपलीया की चार दिस झालं," म्हणाल्या आणि किटली उचलून घराकडे निघाल्या.