रश्क की हसद

उर्दू शायर नावापुढे गावाचं नाव लावतात, पण ते लखनौ, दिल्ली, हैदराबाद असं भारदस्त. करीमभाईंनी लावलं ‘चितेगावी’. मुशायऱ्यात त्यांचं नाव पुकारलं की हशा पिकायचा. ते शांतपणे म्हणायचे, “जिथं जन्मलो तिथलंच लावणार ना. दिल्लीत मला कोण वळखतंय?” पुढे पैठण रस्त्यावर कारखाने आले, चितेगावात भोंगे वाजू लागले, तेव्हा लोक त्यांना विचारू लागले, कोणत्या कंपनीत असता? करीमभाई उर्दू शाळेत मराठी शिकवत होते आणि फावल्या वेळात मराठी कविता उर्दूत नेत होते.

मी कॉलेजात मराठी शिकवायचो आणि कविता लिहायचो. त्यांनी माझी एक तरी कविता उर्दूत न्यावी, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी औरंगपुऱ्यातल्या हॉटेलात मी त्यांना किती चहा पाजला असेल! ते चहा प्यायचे, कविता मन लावून ऐकायचे आणि शेवटी माझ्या मुलांची चौकशी करायचे.

विद्यापीठाच्या नामांतराचा लढा पेटला तेव्हा मीही कविता लिहिली. ती पेपरात छापून आली, चार लोकांनी पाठ थोपटली. करीमभाईंनी मात्र उचलली माझ्याच विभागातल्या लताबाईंची. लताबाई मोर्चात लाठ्या खाऊन आल्या होत्या आणि हात प्लास्टरमध्ये असताना त्यांनी ती दुसऱ्या हाताने लिहिली होती. मला वाईट वाटलं. तसं मी करीमभाईंना बोलूनही दाखवलं.

“सर, तुमची कविता चांगली हाय,” ते म्हणाले. “पण उर्दूत तशा आधीच लई हायेत.”

त्या रात्री मी जेवलो नाही.

लताबाईंच्या कवितेत ते ‘नामांतर’ या शब्दापाशी अडले. ‘नाम की तब्दीली’ म्हटलं की कोर्टातलं प्रतिज्ञापत्र वाटतं, असं त्यांचं म्हणणं. भर रस्त्यात थांबून पुटपुटायचे, रिक्षावाले शिव्या घालायचे. शेवटी तो शब्द त्यांनी तसाच ठेवला. उर्दूवाल्यांनी नाकं मुरडली, तेव्हा म्हणाले, “ज्यांनी त्याच्यापायी मार खाल्ला, त्यांचाच राहू द्या तो.” मुशायऱ्यात ती कविता त्यांनी वाचली आणि लोक उभे राहिले. लताबाई रडत होत्या. मी टाळ्या वाजवत होतो आणि आतून जळत होतो. हे मी लपवत नाही. तेव्हाही मला ते नीट लपवता आलं नव्हतं.

त्याच जळफळाटात मी ‘हेवा’ नावाची कविता लिहिली. छापून आली त्याच आठवड्यात करीमभाई रिक्षा करून पुंडलिकनगरला माझ्या घरी हजर.

“सर, एक अडचण हाय. तुमच्या हेव्यात दोन माणसं राहतात. आमच्यात त्यांची घरं वेगळी. ‘त्याच्याकडं हाय ते मलाबी मिळावं’ म्हणजे रश्क. ‘मला मिळो ना मिळो, त्याच्याकडं नसावं’ म्हणजे हसद. काय लिहू?”

रश्क हा सभ्य शब्द होता. तो सांगितला असता तर चारचौघांत मान वर राहिली असती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “हसद लिहा, करीमभाई.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी हसद लिहिलं.

ती कविता त्यांनी पुढच्या मुशायऱ्यात वाचली. मला उर्दू थोडंफार कळतं. पण माझ्याच ओळी त्यांच्या तोंडून अशा निघाल्या की त्या मला सुचायला हव्या होत्या असं वाटलं. त्यांनी मला मंचावर ओढलं, खरा कवी हा म्हणून सांगितलं. लोकांनी मूळ मराठी ऐकवायला लावली. मी ऐकवली. टाळ्या पडल्या, पाहुण्याला पडतात तशा. स्वतःच्याच कवितेवर जळण्याची वेळ माझ्यावर आली.

करीमभाई जाऊन बरीच वर्षं झाली. चितेगावातच त्यांना माती दिली. परवा एका तरुण अनुवादकाचा फोन आला. त्याला लताबाईंच्या आणि माझ्या कविता नव्याने उर्दूत न्यायच्या आहेत. जुने अनुवाद आता थोडे शिळे वाटतात, असं तो अदबीने म्हणाला. लताबाईंनी आनंदाने होकार दिला आहे. मी त्याला हव्या त्या कविता घ्यायला सांगितल्या, पण ‘हेवा’ दिली नाही. करीमभाईंच्या त्या अनुवादावर मी अजून जळतो आणि ते जळणं मला दुसऱ्या कुणावर खर्च करायचं नाही.